पटावरचे दाणे

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या पंडिताची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली आहे. राजा खेळावर खूश झाला आणि म्हणाला, "माग, काय हवे ते माग." पंडित म्हणाला, "महाराज, मला फार नको. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ. असे दर घराला दुप्पट करीत चौसष्ट घरे भरा. तेवढे धान्य मला पुरे." राजाला हसू आले. त्याने कोठारातून एक पोते आणायला सांगितले. पुढे काय झाले तेही आपल्याला ठाऊक आहे. राज्यातले सारे धान्य ओतले तरी पट काही भरेना.

गोष्ट सांगणारा इथे थांबतो, आणि ऐकणारा राजाला हसून मोकळा होतो. पण गणिताची खरी गंमत इथूनच पुढे सुरू होते. त्या पटावरच्या दाण्यांची एकूण संख्या किती, ती कशी काढावी, आणि त्या संख्येच्या पोटात काय काय दडलेले आहे, हे आज आपण पाहू. गुरुजींनी हाताशी खडू-फळा ठेवावा. इतरांना कागद-पेन्सिल पुरे. चौथी-पाचवीच्या गुणाकारापलीकडे जवळजवळ काहीच लागणार नाही.

प्रथम ती संख्या लिहून घ्या. सावकाश लिहा, कारण आकडे वीस आहेत:

१,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५

ही वाचायची कशी? आपल्या जुन्या गणितात एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ती यादी दिलेली आहे. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. आपली संख्या आहे वीस आकडी. म्हणजे नावांची यादी संपली तरी ही आणखी दोन स्थाने पुढे गेली! सुमारे १८४ परार्ध, असे म्हणता येईल. ही संख्या आजकालच्या कोणा हिशेबनिसाने काढलेली नाही, बरे का. इ. स. १००० च्या सुमारास अल्-बेरुनी या विद्वानाने कालगणनेवरच्या आपल्या ग्रंथात पटाचा हा हिशेब मांडला आहे. हाच अल्-बेरुनी पुढे हिंदुस्थानाविषयी मोठा ग्रंथ लिहून प्रसिद्ध झाला.

आता चौसष्ट घरांची बेरीज करायची म्हटली तर सकाळची संध्याकाळ होईल, आणि एखादा हातचा विसरला की सगळेच चुकेल. त्यापेक्षा अशी युक्ती करा. पट भरण्यापूर्वी पहिल्या घरात एक दाणा उसना आणून ठेवा. म्हणजे पहिल्या घरात झाले दोन. हे दोन आणि दुसऱ्या घरातले दोन मिळून चार. हे चार आणि तिसऱ्या घरातले चार मिळून आठ. आठ आणि आठ सोळा. प्रत्येक घरापाशी आलो की हातातले दाणे आणि घरातले दाणे सारखेच असतात आणि बेरीज दुप्पट होते. शेवटी चौसष्ट वेळा दुप्पट झालेली संख्या हाती येते. तिच्यातून उसना आणलेला दाणा परत करायचा. एवढाच हिशेब! म्हणून पटावरचे एकूण दाणे म्हणजे २ चा ६४ वा घात उणे १.

पण २ चा ६४ वा घात काढायचा म्हणजे चौसष्ट वेळा दुप्पट करणे आलेच ना? नाही. इथे आपल्या देशातला एक फार जुना शोध उपयोगी पडतो, आणि तो सापडतो छंदःशास्त्रात. शाळेत आपण वृत्ते शिकताना गण म्हणतो: य, म, त, र, ज, भ, न, स. हे गण आठच का? कारण एक अक्षर लघु असेल किंवा गुरू, प्रकार दोन. दोन अक्षरांचे प्रकार चार. तीन अक्षरांचे आठ. एकेक अक्षर वाढले की प्रकार दुप्पट होतात. चौसष्ट अक्षरी चरण घेतला तर त्याचे प्रकार २ चा ६४ वा घात इतके, म्हणजे पटाच्या पासष्टाव्या घरात येतील तेवढे. तेव्हा ही दुप्पट झटपट कशी काढावी, हा प्रश्न पिंगलाचार्यांना पडला. त्यांनी रीत सांगितली, तिचा सारांश असा: अक्षरसंख्या सम असेल तर ती निम्मी करा, निम्म्याचे उत्तर काढा आणि त्याचा वर्ग करा, विषम असेल तर एक वजा करा, उत्तर काढा आणि त्याची दुप्पट करा.

चौसष्टाचे निम्मे बत्तीस, त्याचे सोळा, मग आठ, चार, दोन, एक. म्हणजे दोनपासून सुरुवात करून फक्त सहा वेळा वर्ग करायचा. करून पाहा:

२ चा वर्ग ४
४ चा वर्ग १६
१६ चा वर्ग २५६
२५६ चा वर्ग ६५,५३६
६५,५३६ चा वर्ग ४,२९,४९,६७,२९६
आणि याचा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६.

यातून एक वजा केला की आपली संख्या आली. शेवटचा गुणाकार लांबलचक आहे, पण दोन-तीन मुलांनी मिळून केला तर एका तासात होतो. झाल्यावर ताळा जरूर पाहावा. आपल्या वीस आकड्यांची बेरीज ८७. आठ आणि सात पंधरा. एक आणि पाच सहा. म्हणजे नऊने भागल्यास बाकी ६ राहिली पाहिजे. दुसऱ्या बाजूने पाहा. २, ४, ८, १६, ३२, ६४ यांना नऊने भागले की बाक्या येतात २, ४, ८, ७, ५, १, आणि मग हेच सहा आकडे पुन्हा पुन्हा फिरतात. चौसष्ट म्हणजे सहाच्या दहा फेऱ्या आणि वर चार. चौथी बाकी ७. त्यातून १ गेला, राहिले ६. ताळा जमला.

याच घरांचा आणखी एक गुण पाहा. कोणतीही पूर्ण संख्या सांगा. आपल्या वीस आकडी संख्येपेक्षा मोठी मात्र नको. पटावरची काही घरे निवडून त्यांतले दाणे एकत्र केले की ती संख्या तंतोतंत तयार होते, आणि ती घरे निवडण्याचा मार्ग एकच असतो. शंभर म्हणजे ६४, ३२ आणि ४. सातवे, सहावे आणि तिसरे घर. घर घेतले की नाही घेतले, एवढ्या खुणांवर संख्या लिहिण्याची हीच पद्धत आजचे संगणक वापरतात. आपल्या खिशातल्या भ्रमणध्वनीत चौसष्ट खुणांची जागा असते, तीत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे हीच पटावरची संख्या.

आता हे धान्य होते तरी किती? मध्यम प्रतीच्या गव्हाचे हजार दाणे सुमारे ४० ग्रॅम भरतात, असे धरू. म्हणजे एका ग्रॅममध्ये पंचवीस दाणे. पटाची पहिली रांग, आठ घरे, भरली की दाणे होतात २५५. वजन जेमतेम दहा ग्रॅम, चिमटीत मावतील. दोन रांगा भरल्या की एकूण अडीच किलोच्या थोडे वर. तीन रांगांना पावणेसात क्विंटल. इथपर्यंत साध्या शेतकऱ्याच्या घरचेही धान्य पुरेल. चार रांगा, म्हणजे निम्मा पट भरला की सुमारे १,७०० क्विंटल. दहा टनी सतरा ट्रक. राजाच्या दृष्टीने एवढेही काही फार नव्हे. पण आता पाहा. पाचव्या रांगेअखेर सुमारे ४४ हजार टन होतात. सहावीअखेर एक कोटी टनांहून अधिक. सातवीअखेर २८८ कोटी टन. आज साऱ्या जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन गहू पिकतो. म्हणजे सातव्या रांगेअखेरच जगाचे साडेतीन वर्षांचे पीक संपले. आणि आठवी रांग भरली की एकूण होतात सुमारे ७४ हजार कोटी टन. साऱ्या जगाने नऊशेहून अधिक वर्षे गहू पिकवून तो एकट्या पंडिताच्या दारात ओतावा, तेव्हा त्याचे देणे फिटेल.

राजाचे चुकले कुठे? त्याने पहिली रांग पाहिली आणि तिच्यावरून पटाचा अंदाज केला. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण हीच चूक पुढे एका थोर गणितज्ञाच्या हातूनही झाली, आणि तीसुद्धा याच संख्येच्या एका अवयवाबद्दल.

ते समजण्यासाठी या संख्येचे अवयव पाडू. वीस आकडी संख्येचे अवयव पाडायचे म्हटले की माणूस घाबरतो. पण पटाकडे पाहिले तर भागाकाराची गरजच पडत नाही. पहिल्या दोन घरांत दाणे १ आणि २, मिळून ३. पुढच्या दोन घरांत ४ आणि ८, मिळून १२. म्हणजे पहिल्या दोन घरांच्या चौपट. एक पट आणि चौपट मिळून पाचपट. म्हणून पहिली चार घरे म्हणजे ३ × ५, पंधरा. त्यापुढची चार घरे ही पहिल्या चार घरांच्या सोळापट. एक आणि सोळा सतरा. म्हणून पहिली रांग म्हणजे १५ × १७, म्हणजे २५५. दुसरी रांग पहिलीच्या २५६ पट. म्हणून दोन रांगा मिळून पहिलीच्या २५७ पट. तिसरी-चौथी रांग पहिल्या दोन रांगांच्या ६५,५३६ पट. म्हणून चार रांगा मिळून पहिल्या दोन रांगांच्या ६५,५३७ पट. आणि खालचा निम्मा पट वरच्या निम्म्याच्या ४,२९,४९,६७,२९६ पट. म्हणून सारा पट वरच्या निम्म्या पटाच्या ४,२९,४९,६७,२९७ पट.

झाले! आपली संख्या म्हणजे

३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७

इतका सरळ गुणाकार. या सहा अवयवांकडे नीट पाहा. प्रत्येक अवयव म्हणजे मघाच्या वर्गांच्या मालिकेतली एक संख्या अधिक एक: २ + १, ४ + १, १६ + १, २५६ + १ आणि असेच पुढे. यातले ३, ५, १७, २५७ या मूळ संख्या आहेत. त्यांना एक आणि स्वतः यांखेरीज दुसरा भाजक नाही. ६५,५३७ हीही मूळ संख्या आहे. मग सहावी?

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात पिएर द फर्मा नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. पेशाने तो तुलूझच्या न्यायालयात होता. गणित हा त्याचा फावल्या वेळचा नाद. पण त्या नादात त्याने असे काही सिद्धांत शोधले की आजही गणिताचे विद्यार्थी ते शिकतात. या फर्माने ३, ५, १७, २५७, ६५,५३७ ही मालिका पाहिली. पाचही मूळ! १६४० साली त्याने पत्रातून आपले मत कळवले की, या मालिकेतली प्रत्येक संख्या मूळच असणार. सिद्धता आपल्याजवळ नाही हेही त्याने प्रांजळपणे लिहिले. पण त्याचा विश्वास पक्का होता. फर्मासारखा माणूस म्हणतो म्हटल्यावर ते खरेच असेल, असे लोकांना वाटले तर नवल नाही. सहावी संख्या होती दहा आकडी. तिला एकामागून एक मूळ संख्यांनी भागत बसायचे म्हणजे कंटाळवाणे काम. तिच्या वर्गमुळाखाली साडेसहा हजारांवर मूळ संख्या आहेत.

जवळजवळ ९२ वर्षे हे विधान तसेच राहिले. १७३२ साली लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने जाहीर केले की, ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ नाही. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो. ऑयलरचे वय त्या वेळी अवघे पंचवीस. तुम्ही आत्ताच भागून पाहा. भागाकार येतो ६७,००,४१७ आणि बाकी शून्य. ६४१ म्हणजे काही फार लांबची संख्या नव्हे. मूळ संख्यांच्या यादीत ती ११६ वी आहे. कोणी नुसता २, ३, ५, ७ पासून भागाकार करीत बसला असता, तरी ११६ व्या प्रयत्नाला उत्तर हाती आले असते. ऑयलरने तर त्याहून सोपी वाट काढली. त्याने दाखवले की, या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यास बाकी १ च राहिली पाहिजे. म्हणजे उमेदवार कोण? ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या भागाकाराला निकाल लागला!

भागाकार न करताही ६४१ ची खात्री पटते. वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी ती रीत सांगतो. ६४१ ही संख्या दोन प्रकारांनी लिहा. एक: ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ × १२८. दुसरा: ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता २ च्या २८ व्या घाताला 'ख' म्हणू. ६४१ × ख म्हणजे ६२५ × ख अधिक १६ × ख. यातला १६ × ख म्हणजे २ चा ३२ वा घात. आणि ख हा १२८ चा चौथा घात असल्यामुळे ६२५ × ख म्हणजे (५ × १२८) चा चौथा घात, अर्थात ६४० चा चौथा घात. म्हणून

६४१ × ख = ६४० चा चौथा घात + २ चा ३२ वा घात.

हे उलटे मांडले की

२ चा ३२ वा घात + १ = ६४१ × ख − (६४० चा चौथा घात − १).

उजव्या बाजूच्या पहिल्या पदात ६४१ आहेच. कंसातली संख्या दोन वर्गांची वजाबाकी आहे, म्हणून तिच्यात ६४० चा वर्ग उणे १ हा अवयव आहे. आणि तो म्हणजे ६३९ × ६४१. दोन्ही पदांना ६४१ ने भाग जातो, म्हणून डाव्या बाजूलाही गेलाच पाहिजे. या चार ओळींपुढे कोणाच्या मोठेपणाचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा पटावरच्या दाण्यांचे पूर्ण अवयव असे: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. सात वेगवेगळ्या मूळ संख्या. यातली प्रत्येक घ्यायची किंवा सोडायची, असे करीत भाजक बनतात. पुन्हा घेतली की नाही घेतली! म्हणून एकूण भाजक २ चा सातवा घात, म्हणजे १२८.

फर्माची ती पाच मूळ अंकांची मालिका वाया गेली असे मात्र समजू नका. १७९६ साली अठरा वर्षांच्या गाउसने सिद्ध केले की, नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सतरा सारख्या बाजूंची आकृती काढता येते. पुढे कळले की, ज्यांच्या बाजूंची संख्या मूळ आणि विषम आहे अशा सुसम आकृतींपैकी, पट्टी-कंपासने काढता येण्याजोग्या त्याच, ज्यांच्या बाजू फर्माच्या मालिकेतल्या मूळ संख्येइतक्या असतील. अशी सहावी मूळ संख्या आजपर्यंत सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.

आता कोणी विचारील की, शेतात राबणाऱ्या माणसाला या वीस आकडी संख्येचे काय करायचे? तर ऐका. दुप्पट होत जाणारा हिशेब आपल्या दारापर्यंत येतो. भास्कराचार्यांनी ११५० साली ग्रंथ लिहिला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटणे येथे मठ स्थापला, असे तिथला शिलालेख सांगतो. त्यांच्या 'लीलावती'त एक उदाहरण आहे. एका दात्याने पहिल्या दिवशी दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल केले. महिन्याभरात किती दिले? उत्तर येते २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क, या मापाने एक लाख चार हजार आठशे सत्तावन्न निष्कांहून अधिक. दान कवड्यांचे, आणि महिन्याअखेर दाता भिकेला लागला!

कर्जाचेही तसेच. व्याजावर व्याज चढू दिले की रक्कम ठरावीक मुदतीत दुप्पट होते, तेवढ्याच मुदतीत पुन्हा दुप्पट होते, आणि ऋणको पहिल्या रांगेकडे पाहत बसतो. आपल्या जुन्या धर्मशास्त्राने यावर बांध घातला होता. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये, हा तो दामदुपटीचा नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. ज्यांनी तो नियम केला, त्यांना दुसऱ्या घराच्या पुढे पट कसा भरत जातो हे चांगले ठाऊक असले पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट साखळी योजनांची. कोणी पाहुणा येतो आणि म्हणतो, "तुम्ही पैसे भरून सभासद व्हा, फक्त दोघांना सभासद करा, त्यांनी प्रत्येकी दोघांना करावे, तुमचे पैसे काही महिन्यांत अनेक पट होतील." सुरुवातीच्या चार-सहा लोकांना पैसे मिळतातही, आणि गावभर बोलबाला होतो. आता पट मांडा. पहिल्या पायरीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर चार. एकतिसाव्या पायरीअखेर सभासद हवेत २१४ कोटी. एवढी तर आपल्या देशाची वस्ती नाही. तेहतिसाव्या पायरीअखेर हवेत ८५९ कोटी. साऱ्या जगातली माणसे, पाळण्यातली मुले धरूनसुद्धा, पुरत नाहीत. म्हणजे साखळी कुठेतरी तुटणार हे ठरलेलेच. आणि ती जिथे तुटते, तिथे सर्वांत खालच्या पायरीवर उभे असलेले लोक एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक असतात. कारण शेवटच्या घरातले दाणे आधीच्या सगळ्या घरांतल्या बेरजेपेक्षा एकाने जास्त असतात, हे आपण मघाशी पाहिलेच. त्या निम्म्याहून अधिक लोकांचे पैसे बुडतात. संसदेने १९७८ साली अशा योजनांना बंदी करणारा कायदा केला आहे. पण कायदा मदतीला येईपर्यंत पैसे गेलेले असतात. कागदावर मांडलेला पट त्याआधी मदतीला येतो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. हा धडा वर्गात घ्याल तेव्हा मूठभर ज्वारी आणा आणि एक रांग खरीच भरून दाखवा. २५५ दाणे मोजायला मुलांना मौज वाटेल. पण तिथेच थांबू नका. पुढच्या रांगेला काय होईल, हे त्यांना आधी अंदाजाने सांगू द्या आणि मग हिशेबाने. अंदाज आणि हिशेब यांतले अंतर मुलाने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की ते जन्मभर त्याच्या लक्षात राहते. फर्माची आणि ऑयलरची हकिगतही सांगा. पाच उदाहरणे खरी निघाली म्हणून सहावे खरे ठरत नाही. आणि विधान कितीही मोठ्या माणसाचे असले, तरी पंचवीस वर्षांच्या मुलाला पेन्सिल घेऊन ते तपासण्याचा अधिकार आहे. वर्गातल्या एखाद्या मुलीने उठून विचारले, "गुरुजी, हे कशावरून?" तर तिला खाली बसवू नका. फळ्यापाशी बोलवा.

शेवटी मुलांसाठी एक उदाहरण. पटाच्या पहिल्या तीन रांगांतले एकूण दाणे पहिल्या रांगेच्या किती पट? उत्तर ६५,७९३ आले पाहिजे. कसे आले, ते गुणाकार न करता, पटावर बोट ठेवून सांगा.